मागारी मूठ

प्रोफेसर घैसासांना जेवायला भाकरी किती लागते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या चुलीत महिन्याला लाकडाच्या किती मोळ्या जळतात, हे मात्र त्यांना आठवड्याच्या आत कळलं होतं. माझ्या सासूबाईंना त्याचा फार राग आला. परक्या पुरुषानं चुलीत डोकावायचं म्हणजे काय, असं त्यांनी मलाच विचारलं, जसं काही मीच त्यांना डोकावायला बसवलं होतं.

तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा, आणि पोलादपूर महाड तालुक्यात मोडायचं. मास्तर, म्हणजे माझे यजमान, पोलादपूरच्या शाळेत शिकवत. माझं लग्न होऊन तीनेक वर्षं झाली असतील. एका दसऱ्यानंतर मास्तरांच्या ओळखीनं पुण्याच्या कॉलेजातले हे प्रोफेसर आले आणि आमची पडवी त्यांनी भाड्यानं घेतली. शिकवायचे अर्थशास्त्र. आता पुण्यात अर्थशास्त्र सोडून डोंगरात काय करायचंय, असं गावाला वाटलं. ते म्हणाले, डोंगरातली कुटुंबं वर्षाकाठी मागे काय टाकतात ते मला बघायचंय. गाव पोटभर हसलं. मागे टाकण्यासारखं इथं काही असतं तर अर्धा गाव मुंबईच्या गिरण्यांत कशाला गेला असता?

उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. काळी टोपी कायम एका कानावर कललेली, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि कोटाच्या काजात गुलाबाचं फूल खोचावं तशी पेन्सिल. रस्त्यात भेटेल त्याला पहिला प्रश्न, किती? भात किती झालं, कोंबड्या किती, मुंबईहून मनिऑर्डर किती येते. आणि उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न, "आणि उरलं किती?" पोरांनी त्यांचं नाव कितीबाबा ठेवलं. एकदा पोरं मागून ओरडत होती, तर हे थांबले आणि त्यांतल्या मोठ्याला विचारलं, तुम्ही घरी भावंडं किती?

सगळ्या जगाच्या शिलकेची चौकशी करणाऱ्या या माणसाजवळ स्वतःचं काही शिल्लक राहत नसे, ही त्यातली मोठी गंमत. पगार आला की पाकीट तसंच मास्तरांच्या हाती द्यायचे. "तुमच्याकडे ठेवा, माझ्याजवळ ते टिकत नाही." छत्र्या तर ते पेरल्यासारख्या हरवत. त्यांनी विसरलेल्या छत्र्यांवर आमच्या आळीतल्या बऱ्याच जणांनी पुढचे पावसाळे काढले. कुणी परत द्यायला आलं, तर हे त्यालाच विचारणार की ही माझी कशावरून?

जेवताना बोलायचे फार. एकदा म्हणाले, "खर्चावरून माणसाचा स्वभाव कळतो, वहिनी. मागे काय टाकतो त्यावरून त्याला भीती कशाची आहे ते कळतं." मी तेव्हा तोंडाळ होते, अजूनही आहे. मी म्हटलं, तुम्ही तर काहीच मागे टाकत नाही, मग तुम्हाला कशाची भीती नाही वाटतं? थट्टेनं विचारलं होतं मी. पण ते घास हातात धरून विचारात पडले. दुसऱ्या दिवशी पानावर बसल्या बसल्या, जणू मी आत्ताच विचारलंय असं, म्हणाले, "एकच भीती आहे. माझं म्हणणं खोटं ठरण्याची."

त्यांचं म्हणणं काय होतं ते मास्तरांनी मला समजावून सांगितलं. पुण्यामुंबईचे शिकलेले लोक म्हणायचे की गरीब माणूस उधळ्या असतो. लग्नात उधळतो, बारशाला उधळतो, आणि म्हणून गरीब राहतो. घैसासांना हे खोटं वाटे. गरीबही मागे टाकतो, ते कुठं टाकतो हे कुणी जाऊन बघितलेलं नाही, असं ते म्हणत. कॉलेजातल्या मोठमोठ्या लोकांशी त्यांचा यावरून वाद झाला होता. वरिष्ठांनी त्यांना सभेत हसून घेतलं होतं. डोंगरात येऊन ते पुरावा शोधत होते. त्यांची सारी इभ्रत त्यावर टांगलेली होती म्हणा ना.

पहिल्याच महिन्यात ते महारवाड्यात गेले. महाडात तळ्याच्या पाण्यावरून जे झालं, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. गावातली माणसं त्या विषयावर अजून दबक्या आवाजात बोलत. हे सरळ जाऊन ओट्यावर बसले, घरोघर विचारपूस केली, पाणी मागून प्यायले आणि घरी येऊन तसं सांगितलंही. न सांगते तर चाललं असतं. सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांचं ताट बाहेर पडवीत नेऊन ठेवायला मला सांगितलं, आणि ताटही वेगळं, बाजारातून नवीन आणलेलं. मी मेल्याहून मेल्यासारखी ते ठेवायला गेले. त्यांनी ताट उचलून बोटानं वाजवून बघितलं. म्हणाले, "नवीन दिसतं. केवढ्याला पडलं?" पुढं सासूबाईंचा राग निवला आणि त्यांनी निरोप दिला की आत येऊन जेवा. तर हे म्हणाले, आता इथंच बरं, इथं वारा लागतो. आमच्या घरात असेपर्यंत ते मग पडवीतच जेवले. सासूबाईंना त्याचा अर्थ कळला होता.

खोतांकडेही असंच. खोत म्हणजे आमच्या बाजूचे जमीनमालक, डोंगरातल्या बहुतेक वाड्या त्यांच्या कुळांच्या. पुण्याचे प्रोफेसर आलेत म्हणून त्यांनी मोठ्या अगत्यानं जेवायला बोलावलं. पंगतीत श्रीखंड होतं. श्रीखंड वाढून होतं न होतं तोच घैसासांनी यजमानांना विचारलं, की आपण वर्षाला मागे किती टाकता आणि कशाच्या भीतीनं टाकता? खोत हसून म्हणाले, "मला कसली भीती? भीती असते ती कुळांना, माझी." घैसासांनी डाव्या हातानं काजातली पेन्सिल काढली आणि ते वाक्य तिथल्या तिथं लिहून घेतलं. त्यानंतर खोतांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

वाड्यांवर जाताना ते मला बरोबर घेऊन जात, कारण बायका परक्या पुरुषाशी बोलत नसत. मास्तरांची ना नव्हती. सासूबाईंची होती, पण मला तेवढंच उघड्यावर जायला मिळायचं, म्हणून मी त्यांची ना ऐकली नाही. पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत आंबेकोंड नावाची वाडी होती. पाचपंचवीस घरं, उतारावर नाचणी आणि वरी, आणि खाली ओढ्याकाठी थोडंसं भात. तिथं भागी म्हणून एक बाई होती. चाळिशीची असेल. सडसडीत, बोलायला मोकळी, पण पोटातलं पोटात ठेवणारी. तिचा नवरा रामा मितभाषी होता. एकच लेक, तानी, तिचं त्याच वर्षी लग्न झालेलं.

भागीला त्यांनी विचारलं, उरतं किती? ती म्हणाली, "काय उरतंय दादा आमच्यात? खोताचा गेला, बियाचा ठेवला, ऱ्हायला त्यो खाल्ला." सगळ्या घरांतून हेच उत्तर. घैसास चार-सहा फेऱ्या करून आले, रोज हेच. आणि तरी त्यांचा हिशोब जुळेना. घरात दळायला जितकी नाचणी निघते असं बायका सांगत, तितक्या भाकऱ्या काही घरात होत नव्हत्या. ते पडवीत बसून डोकं धरत. मास्तर म्हणाले, अहो, बायका अंदाजानं सांगतात, सोडून द्या. ते म्हणाले, सगळ्याच बायकांचा अंदाज एकाच बाजूला कसा चुकतो?

मग एक दिवस त्यांनी भागीच्या अंगणात बसून सांगितलं, की मला जातं ओढून बघायचंय. पुण्याचा प्रोफेसर जात्यावर बसणार म्हटल्यावर वाडीतल्या झाडून साऱ्या बायका जमल्या. पुरुषमाणसं तेव्हा हिरडा गोळा करायला रानात गेलेली. हे धोतर सावरून बसले, खुंटा धरला आणि दोन फेऱ्यांत टोपी जात्याच्या पाळूत, पीठ साठतं तिथं, पडली. बायका अशा हसल्या की एकीच्या कडेवरचं मूल घाबरून रडायला लागलं. भागी हसतच पुढं आली, म्हणाली उठा, तुमच्यानं नाय व्हायचा. खाली बसली, सुपातली नाचणी पुढ्यात ओढली आणि जात्यात पहिला घास घालायच्या आधी तिच्या हातानं सुपातली एक मूठ उचलली आणि मागं, पदराखालच्या परडीत टाकली. आम्हाला काही दाखवायचं नव्हतं तिला. हात आपोआप गेला. हसण्याच्या भरात ती विसरली की कुणी बघतंय.

घैसासांनी बघितलं. हसणं थांबलं. भागीलाही कळलं. ती माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मागारी मूठ गो ती. दळाया घेतल्यातली मूठभर मागारी घालायची. भाकर लहान झालेली कोनाला कळत नाय." घरोघर असतं का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. चुलीमागं जमिनीत मडकं पुरलेलं असतं, वरून शेणानं सारवलेलं, त्यात ती मूठ जाते. नाचणीला कीड लागत नाही, वर्षानुवर्षं राहते. सासू सुनेला दाखवते, आई लेकीला. पुरुषांना यातलं काही माहीत नाही.

"माझी तानीसाठी हाय," भागी म्हणाली. "पयल्या बाळंतपनाला येईल, त्यो पावसाळाच आसला तर तिला खायाला काय घालू? घरात बापयांना ठावं नाय. ठावं आसतं तर ऱ्हायलं आसतं का?"

घैसास उंबऱ्याशी उभे होते. त्यांनी हे सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. आम्ही उतरायला लागलो. ओढ्यावर आलो तेव्हा दगडावर बसले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "वहिनी, माझं खरं निघालं." त्यांचे डोळे ओले होते. मलाही त्या दिवशी फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इतका भला माणूस, आणि त्याला जे हवं होतं ते अखेर सापडलं होतं. मी एवढंच म्हटलं की भागीचं नाव कुठं येऊ देऊ नका. ते म्हणाले, तुम्ही निर्धास्त राहा, मी कुणाचं नाव लिहीतच नाही, गावाचंही नाही. ते खरंही होतं. नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला गेला, अशी त्या विद्वान माणसाची समजूत होती. पुण्यात तसं होत असेल.

चैत्रात महाडच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं. मास्तर आणि मी सर्व्हिस मोटारीनं गेलो. माझं माहेर महाडचंच, तेव्हा तेवढंच निमित्त. आम्ही बायका बाजूच्या खोलीत, दाराच्या फटीतून ऐकत होतो. पुढं वकील, डॉक्टर, व्यापारी, खोतांचे कारभारी. आणि सगळ्यांच्या मागं, दाराशी, आंबेकोंडची आठदहा माणसं. हिरडा विकायला महाडच्या बाजारात आली होती, तर घैसासांनी स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून आणलं होतं. आपल्या बायकांचं कौतुक त्यांनी आपल्या कानांनी ऐकावं, अशी त्यांची इच्छा. रामा मुंडासं मांडीवर घेऊन बसला होता.

तसं व्याख्यान मी पुन्हा ऐकलं नाही. एरवी अडखळत बोलणारा माणूस, पण त्या दिवशी शब्द कसे धावत आले. ते म्हणाले, ज्यांना आपण उधळे म्हणतो त्या घरातली बाई रोज स्वतःच्या भाकरीतून मूठभर काढते आणि चुलीमागं पुरलेल्या मडक्यात घालते. नवऱ्यालाही कळू देत नाही. असं एक घर नाही, वाडीतलं प्रत्येक घर. मग सांगा, उधळं कोण? टाळ्यांचा कडकडाट झाला. एका वकिलांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. मी मात्र फटीतून दाराशी बसलेल्यांकडे बघत होते. सुरुवातीला ती माणसं संकोचून हसत होती. चुलीमागच्या मडक्याचं आलं तेव्हा त्यांचं हसणं एकेक करून थांबलं. खोतांचे कारभारी मान वळवून त्यांच्याकडेच बघत होते.

सभा संपल्यावर घैसास गर्दीतून वाट काढत रामापाशी गेले. मी तोवर दाराशी आले होते. त्यांनी विचारलं, "ऐकलंत ना सगळं?" रामा म्हणाला, ऐकला. "कसं वाटलं?" रामानं मुंडासं झटकून डोक्याला गुंडाळलं. "आमाला ठावं नव्हता," तो म्हणाला. घैसासांना त्यात अभिमान ऐकू आला. त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले. मोटारीतून हात हलवत होते, आणि हातात माझ्या वडिलांची छत्री होती.

त्या वर्षी नाचणीला दाणा भरायच्या वेळी पाऊस गेला. उतारावरची कणसं पोचट राहिली. अशा वर्षी कुळं खोतांकडे जायची, पाया पडायची आणि खोत आपल्या वाट्यात थोडीफार सूट द्यायचे. रागवायचे, बोलायचे, पण द्यायचे. त्या वर्षी आंबेकोंडची माणसं गेली तेव्हा खोत झोपाळ्यावरून उठलेही नाहीत. म्हणाले, "माझ्याकडे कशाला आलात? चुलीमागं हात घाला. तुमच्यात शिल्लक असते, हे पुण्याचे प्रोफेसर भरसभेत सांगून गेलेत." हे मास्तरांना तिथं हजर असलेल्या एकानं सांगितलं. मास्तर दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मडकी बाहेर निघाली. कुठं भांडून, कुठं मारहाण होऊन. भागीच्या घरी तसं काही झालं नाही. तिनंच मला पुढं सांगितलं, "त्यो काय बोलला नाय. कुदळ घेऊन आला नि सरळ चुलीमागं गेला. मडकं फोडलं नाय. नाचणी काढली, मडकं धुतलं नि उपडं घातलं." रामा वाईट माणूस नव्हता. खोताचा वाटा भरला नाही तर जमीन जाते, हे त्याला दिसत होतं. आणि आपली बायको इतकी वर्षं आपल्यापासून काही लपवत होती, हेही त्याला दिसत होतं. त्यानंतर भागी दळायला बसली की तो अंगणात काही ना काही काम काढून बसे. मूठ मागं जाणं बंद झालं.

पुढच्या श्रावणात तानीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत काय मी सांगायला हवी? गरिबातली गरीब आईसुद्धा लेकीला आणतेच. भागीच्या घरात त्या महिन्यात माणसं कंद उकडून खात होती. तिनं लेकीला निरोप धाडला, यंदा येऊ नको. तानी सासरीच बाळंत झाली. मूल जगलं, तीही जगली. पण सासरच्यांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि तानीला आईचा तो निरोप कधी विसरता आला नाही. ती माहेरी यायची बंद झाली. मूल पालथं पडायला लागलं तरी भागीनं ते बघितलेलं नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मला घैसासांचा इतका राग आला होता की त्यांचं ते नवीन ताट मी भंगारवाल्याला देऊन टाकलं.

मार्गशीर्षात ते आले. चेहरा खुललेला, कातडी बॅगेत पुस्तकाचे लिहून झालेले कागद. मागारी मुठीवर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. पुण्यातले त्यांना हसणारे आता गप्प झालेत, म्हणाले. मास्तर खाली बघत राहिले, म्हणून मग मीच सांगितलं. खोत काय म्हणाले, मडकी कशी निघाली, तानी का आली नाही. काही राखून ठेवलं नाही. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी कोटाच्या काजातली पेन्सिल काढून बॅगेत ठेवली. मग म्हणाले, "पण मी नाव तर घेतलं नव्हतं." मी म्हटलं, घर सांगितलंत, चूल सांगितलीत, चुलीमागची जागा सांगितलीत. आता नावाचं काय करायचं होतं?

त्यांचा चेहरा बघून माझा राग वाहून गेल्यासारखा झाला. काय करावं अशा माणसाचं? दुष्ट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन आंबेकोंडला गेले. त्याचं शेवटी सांगते. तिसऱ्या दिवशी ते परत गेले, आणि नंतर कधी आमच्याकडे आले नाहीत.

त्यांचं पुस्तक दोन वर्षांनी निघालं. मास्तरांनी पुण्याहून मागवलं. इंग्रजी होतं, मास्तर रात्री वाचून मला मराठीत सांगत. खोतासारख्यांच्या घरी किती आणि कशी शिल्लक राहते यावर पानंच्या पानं. आंबेकोंडसारख्या वाड्यांचं आलं तेव्हा मास्तर थांबले. पुन्हा वाचलं. "डोंगरातील कुटुंबांत शिल्लक अशी आढळून आली नाही." एवढंच. मागारी मुठीचं ते आख्खं प्रकरण कुठंच नव्हतं. मास्तरांनी पुस्तक आपटलं. म्हणाले, जो माणूस न मोजता एक आकडा लिहीत नव्हता, त्यानं हे धडधडीत खोटं लिहिलं? पुढं वर्तमानपत्रात कुणीतरी त्याच वाक्याचा आधार देऊन लिहिलं, की खुद्द प्रोफेसर घैसासांनाही गरिबांत काटकसर दिसली नाही, तेव्हा तो वाद आता मिटला. घैसासांनी त्याला उत्तर दिलं नाही. मास्तरांनी त्यांना दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, त्यात सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी होती आणि मास्तरांकडे त्यांची एखादी छत्री राहिली आहे का असं विचारलं होतं. कॉलेजात त्यांना मग कुणी फारसं विचारत नसे, असं पुण्याहून येणारे सांगत. त्यांच्यापाशी असलेली एकच भीती त्यांनी स्वतःच्या हातानं खरी केली होती. मास्तरांना त्याचं कारण मी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर जे झाकायचं होतं ते पुन्हा उघडं पडलं असतं.

तर तो आंबेकोंडचा दिवस. पोलादपूरच्या बाजारातून त्यांनी नाचणीचं एक पोतं घेतलं, गड्याच्या डोक्यावर दिलं आणि आम्ही चढलो. वाटेत ते मला काही विचारत नव्हते. 'किती?' नाही, की 'उरलं किती?' नाही. भागी घरात एकटीच होती. तिनं घोंगडी टाकली, गुळाचा खडा आणि पाणी पुढं ठेवलं. आल्यागेल्याला देतात तसंच. ते घोंगडीवर न बसता खाली सारवलेल्या जमिनीवर बसले आणि म्हणाले, माझं फार चुकलं, भागीबाई.

ती म्हणाली, "तुमी वाईट काय बोलला नाय. आमचा चांगलाच सांगितलात. पन दादा, कोनाला दिसत नव्हता तवरच त्यो आमचा व्हता."

पोत्याकडे तिनं एकदाच बघितलं. वाडीनं ते चढताना बघितलं होतं, आता ते सगळ्यांचं झालं, असं म्हणाली. अंगणातच राहू द्या, घरोघर वाटून घेऊ. उन्हं कलायला लागली होती. संध्याकाळच्या भाकरीची वेळ होत होती, आणि पाहुणे आले म्हणून ती थांबणार किती? तिनं सूप ओढलं, जात्यापाशी बसली. सुपात हात घातला, मूठ भरली, आणि हात तसाच थांबला.

तिनं आमच्याकडे बघितलं. मूठ परत सुपात सोडावी की काय, अशा बेतात होती. मला तोवर ठाऊक नव्हतं की तिनं पुन्हा सुरू केलंय. रामा घरी नसेल तेवढ्याच दिवशी, आणि त्या दिवशी तो खोतांच्या वेठीला गेला होता.

घैसासांनी तो थांबलेला हात बघितला. आयुष्यभर लोकांच्या कणग्यांत, खुराड्यांत, चुलींत डोकावत आलेला तो माणूस जागचा उठला, अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसला. टोपी एका कानावर कललेली होती. समोर डोंगर होता आणि ते डोंगराकडे बघत राहिले.

भागीची मूठ मागं गेली. कुठं, ते मी बघितलं. चुलीमागं नव्हे. आता इतकी वर्षं झाली, भागी गेली, मास्तरही गेले, पण ती जागा मी कुणाला सांगितलेली नाही आणि इथंही सांगणार नाही.

मग जातं फिरायला लागलं. दळण होईपर्यंत ते वळले नाहीत.